फीत डुकराला की पोराला?

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात जुलै-ऑगस्ट हा कौंटी मेळ्यांचा हंगाम. कौंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या मधलं काहीतरी, आणि तिचा वर्षातून एकदा भरणारा मेळा म्हणजे पाळणे, तळलेल्या खाण्याच्या गाड्या, ट्रॅक्टरच्या ओढाओढीच्या स्पर्धा असा सगळा गजबजाट. पण मेळ्याचा कणा पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये असतो. तिथे आठ ते अठरा-एकोणीस वर्षांची मुलं आपापली डुकरं, कोकरं, बोकड, खोंड घेऊन परीक्षकाची वाट बघत असतात. शेजारच्या हॉलमध्ये त्यांनीच शिवलेले कपडे, भाजलेली बिस्किटं, काचेच्या बरण्यांत टिकवलेल्या भाज्या मांडलेल्या असतात. ही बहुतेक फोर-एच क्लबची मुलं. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य यांच्या नावाने चार पानं असलेलं क्लोव्हर हे या संघटनेचं चिन्ह, आणि तिच्या उपक्रमांत दरवर्षी साठ लाखांच्या आसपास मुलं भाग घेतात. मेळ्यात फीत लागते ती जनावराच्या खुराड्याला किंवा बिस्किटाच्या बशीला. तपासली जाते ती मात्र मुलाची तयारी. निदान तसा दावा आहे. हा दावा कितपत खरा, हे ठरवायला माझ्या मते एकच कसोटी पुरते: परीक्षकाने प्रश्न विचारला, तर मूल आईबापांकडे न बघता उत्तर देतं का? मेळ्याच्या ज्या भागात हा प्रश्न विचारला जातो, तो भाग शंभर वर्षांनंतरही कसदार आहे. जिथे तो विचारलाच जात नाही, तिथे पैसा शिरला आहे.

असे मेळे आधी मोठ्यांचे होते. १८०७ साली एल्काना वॉटसन नावाच्या गृहस्थाने मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावात दोन मेरिनो मेंढ्या आणून लोकांना दाखवल्या, आणि पुढच्या काही वर्षांत त्यातून बर्कशायरचं कृषी प्रदर्शन उभं राहिलं. मुलं यात आली ती जवळजवळ एका शतकानंतर. ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकाने जानेवारी १९०२ मध्ये ओहायोतल्या क्लार्क कौंटीच्या कोर्टाच्या तळघरात तीसेक मुलं जमवली आणि त्यांना माती तपासायला, निवडलेल्या बियाण्याचा मका लावायला शिकवलं. त्या काळात कृषी महाविद्यालयांची एक रड होती: शेतकरी ऐकत नाही. बापाला पुस्तकी सल्ला पटत नसे, पण पोराने शेजारच्या एक एकरात दुप्पट मका काढलेला त्याला दिसे. साउथ कॅरोलायनातल्या जेरी मूर या मुलाने १९१० मध्ये एका एकरात २२८ बुशेल मका काढला, तेव्हा देशाची सरासरी तिशीच्या आतच होती. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विद्यापीठ, कौंटी आणि केंद्र सरकार यांना एकत्र आणून कृषी विस्ताराची यंत्रणा उभारली आणि ही मुलांची मंडळं तिच्या छत्राखाली आली. मुलांना स्पर्धेला उतरवण्यामागे मुळात त्यांचं कौतुक करण्याचा हेतू नव्हताच; ती मोठ्यांना पटवण्याची युक्ती होती. अर्थात हे छत्र सगळ्यांसाठी सारखं नव्हतं. दक्षिणेत गोऱ्या आणि काळ्या मुलांची मंडळं १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वेगळी होती, आणि काळ्या मुलांच्या वाट्याला माणसंही कमी आली, पैसाही कमी आला. समान मापदंडाच्या गोष्टी करणाऱ्या संस्थेच्या इतिहासातलं हे पान मिटून पुढे जाता येत नाही.

या मापदंडाचं बरंच श्रेय एका पद्धतीला जातं. अनेक कौंट्यांत मुलांच्या कामाचं परीक्षण डॅनिश पद्धतीने होतं. एरवीच्या स्पर्धेत दहा बशा मांडल्या तर पहिला, दुसरा, तिसरा नंबर निघतो आणि सात जण रिकाम्या हाताने परततात. डॅनिश पद्धतीत बशीची तुलना शेजारच्या बशीशी होत नाही, ठरलेल्या मापदंडाशी होते. मापदंडाला उतरली तर निळी फीत, थोडी कमी पडली तर लाल, बरंच शिकायचं बाकी असेल तर पांढरी. दहाच्या दहा बशा निळ्या ठरू शकतात, किंवा एकही नाही. त्यातल्या सर्वांत सरस कामाला वर जांभळी फीत. स्पर्धेने मुलं खच्ची होतात, हा आक्षेप अनेक शिक्षणतज्ज्ञ घेतात, आणि सरसकट क्रमवारीच्या बाबतीत तो मला मान्य आहे. पण मापदंडाशी केलेली तुलना हा वेगळा प्रकार आहे. त्यात शेजारी पडल्याशिवाय आपण जिंकत नाही, असं नसतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना तर फोर-एच स्पर्धेत उतरवतच नाही. ती आपलं काम मांडतात आणि सगळ्यांना सहभागाची सारखीच फीत मिळते. तुलना कुठल्या वयात सुरू करायची, याचा विचार इथे झाला आहे. आपल्याकडच्या बालवाडीतल्या चित्रकला स्पर्धांबद्दल एवढं म्हणता येईल का, शंका आहे.

आता जुलैअखेरच्या मेळ्यासाठी डुक्कर तयार करायचं म्हणजे काय, ते बघू. हिशोब उलटा, मेळ्याच्या तारखेपासून मागे करत जायचा. वजनकाट्यावर डुक्कर साधारण २६५ पौंडांचं भरायला हवं. एप्रिलच्या मध्यावर पिल्लू ६० पौंडांचं असेल, तर १०५ दिवसांत २०५ पौंड चढवायचे, म्हणजे रोज दोन पौंडांना थोडी कमी वाढ. एक पौंड वाढीला सुमारे तीन पौंड खाद्य धरलं, तर सहाशेच्या वर पौंड खाद्य लागणार, आणि त्याचा खर्च नोंदवहीत लिहायचा. दर काही आठवड्यांनी वजन घ्यायचं. पुढे पळत असेल तर खुराकातली ऊर्जा कमी करायची, मागे पडत असेल तर वाढवायची. बऱ्याच कौंट्यांत ठराविक तारखेपूर्वी जनावर आपल्या मालकीचं असल्याची नोंद आणि कानात बिल्ला लागतो. आयत्या वेळी तयार जनावर विकत आणून उभं करता येऊ नये, म्हणून हा नियम. खाद्य-सुरक्षा आणि जनावराची निगा यांवरचं प्रशिक्षण बऱ्याच ठिकाणी सक्तीचं आहे. त्यात मुलाला औषध दिल्यानंतरचा थांबण्याचा काळ समजून घ्यावा लागतो, म्हणजे इंजेक्शननंतर किती दिवस ते मांस माणसाच्या पोटात जाता कामा नये, हे. दहा वर्षांच्या मुलाला हे समजत असेल, तर ते प्रमाणपत्रापेक्षा मोलाचं आहे.

आणि चालवणं. डुकराला दोर नसतो. हातात एक बारीक छडी, तिचा हलका स्पर्श खांद्याला नाहीतर गालाला, आणि एवढ्यावर त्या अडीचशे पौंडांच्या हट्टी जिवाला मान वर ठेवून परीक्षकासमोरून न्यायचं. आपण आणि परीक्षक यांच्या मध्ये नेहमी डुक्कर, फार जवळ नाही, कोपऱ्यात अडकलेलं नाही, आणि आपली नजर सतत परीक्षकावर. हे जमायला उन्हाळाभर रोज संध्याकाळी फिरवावं लागतं. खोंडाचं काम याहून लांबणीचं: आदल्या पानगळीत वासरू आणायचं, म्होरकी घालून बांधायचं, रोज खरारा करायचा, मग महिन्या-दोन महिन्यांनी कुठे ते दोन पावलं बरोबर चालतं. या कौशल्याचा वर्ग वेगळा असतो आणि त्यात गुण जनावराला नसतात, चालवणाऱ्याला असतात. परीक्षक मध्येच दोघांना जनावरं बदलायला सांगू शकतो. अनोळखी जनावर हाताळताना दोन मिनिटांत कळतं की चालवणारा कोण आणि नुसता मागे फिरणारा कोण. मग प्रश्न येतात. कमरेचं मांस कुठून कापतात? खुराकात प्रथिनं किती टक्के? याच्या कानातल्या खाचा वाच. उजव्या कानातल्या खाचा वेताचा क्रमांक सांगतात, डाव्या कानातल्या त्या वेतातल्या पिल्लाचा, आणि खाच कुठे आहे त्यावर तिची किंमत एक, तीन, नऊ, सत्तावीस अशी चढत जाते. उजव्या कानात तीनच्या जागी दोन खाचा आणि एकच्या जागी एक असेल, तर वेत क्रमांक सात. बापाने चारा घातला असेल तर हे उत्तर मुलाला येत नाही.

हॉलमधल्या बशांचंही तेच. मफिनच्या बशीतला एक परीक्षक उभा कापतो. आत लांब बोगद्यासारख्या पोकळ्या दिसल्या की पीठ जास्त फेटलं हे उघड, पण समोर बसलेल्या मुलीला तो विचारतो, असं का झालं असेल? तिला ते सांगता आलं तर लाल फीतही वाया जात नाही. परीक्षकाने मुलाला समोर बसवून वस्तूबद्दल बोलायचं, ही प्रथा बऱ्याच कौंट्यांत आहे, आणि माझ्या लेखी मेळ्यातला हा सर्वांत मौल्यवान अर्धा तास. यात भपका नसतो, प्रेक्षकही नसतात.

सर्वांत जुना आक्षेप असा की काम आईबाप करतात आणि फीत पोरं मिरवतात. खरं आहे, करतात. नामांकित पैदासकाराकडचं स्पर्धेचं वासरू हजारो डॉलरला मिळतं. केस फुलवण्यापासून कातरण्यापर्यंतचं काम भाड्याने आणलेला माणूस करतो. मोठ्या बक्षिसाच्या मागे लबाडीही लागते. १९९० च्या दशकात ओहायोच्या राज्य मेळ्यात आणि इतर काही ठिकाणी जनावरांना बंदी असलेली औषधं दिल्याचं, कातडीखाली तेल टोचून अंग भरदार दाखवल्याचं उघड झालं. त्यानंतर मेळ्यांच्या संघटनेने प्रदर्शनातल्या वर्तनाची आचारसंहिता आणली आणि औषधांच्या चाचण्या वाढल्या. यावरून पूर्ण व्यवस्था ढोंग ठरते, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे की लबाडी कुठल्या वर्गात झाली ते बघा. ती झाली जिथे जनावर बघून निकाल लागतो आणि निकालावर मोठी रक्कम ठरते तिथे. खाचा वाचायला लावणाऱ्या वर्गात तेल टोचून काय मिळणार?

जीव लावून वाढवलेलं जनावर कापायला पाठवणं हा क्रूरपणा, हा आक्षेप इतक्या सहज मोडता येत नाही. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्ता जिल्हा मेळ्यात एका नऊ वर्षांच्या मुलीचा बोकड लिलावात ९०२ डॉलरला गेला. मुलीला तो द्यायचा नव्हता. आईने तो परत नेला आणि भरपाई देऊ केली. मेळ्याने ऐकलं नाही. शेरीफच्या माणसांनी शेकडो मैल जाऊन बोकड ताब्यात घेतला आणि पुढे तो मारला गेला. कौंटीने २०२४ मध्ये तीन लाख डॉलर देऊन दावा मिटवला. मेळ्याच्या बाजूने असं म्हटलं गेलं की मुलांना शब्द पाळायला शिकवायचं असतं. शब्द पाळावा हे कबूल. पण नऊ वर्षांच्या मुलीने शब्द दिला तेव्हा तिला तो कितपत समजला होता, हे कुणी तपासलं होतं? मांसासाठी जनावर पाळणं अमेरिकन शेतीचं वास्तव आहे आणि मुलांपासून ते लपवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. किंबहुना दुकानातल्या पाकिटातून मांस घेणाऱ्यापेक्षा ही मुलं अधिक प्रामाणिक जगतात. मात्र शेवट काय आहे हे एप्रिलमध्येच स्पष्ट बोललं गेलं पाहिजे आणि मुलाला ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. ज्याला सांगता येत नाही, त्याने त्या वर्षी ससे किंवा कोंबड्या दाखवाव्यात, किंवा शिवणकाम करावं.

तयारीत आता रोगाचाही भाग आला आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात मेळ्यांतल्या डुकरांकडून माणसांना फ्लूच्या एका वेगळ्या विषाणूची लागण झाली; ३०९ रुग्ण नोंदले गेले, त्यात बहुतेक मुलं, आणि सर्वाधिक इंडियाना-ओहायोतली. त्यानंतर डुकरं मेळ्यात ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत असा सल्ला दिला जाऊ लागला. हात धुणं आणि गोठ्यात न खाणं हे पोराबाळांच्या अंगवळणी पाडावं लागतं.

महाराष्ट्राशी याचा संबंध दूरचा, पण खरा आहे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये उभं राहिलं ते अमेरिकेच्या जमीन-अनुदान विद्यापीठांच्या धर्तीवर: शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छपराखाली. विद्यापीठ आलं, विस्तार आला. विस्ताराचं मुलांच्या मंडळांचं अंग मात्र आपल्याकडे त्या जोमाने रुजलं नाही. आपल्या जत्रांत जनावरांची बक्षिसं जुनी आहेत, आणि खिल्लार खोंडाच्या मागे उभं राहून फोटो काढून घेणारं पोरगंही असतं. त्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

अमेरिकेत खरी अडचण शेवटच्या दिवशी येते. लिलावात गावातली बँक, खाद्याचं दुकान, ट्रॅक्टरचा विक्रेता बाजारभावाच्या कितीतरी वर बोली लावतात. मुलांच्या पुढच्या शिक्षणाला त्यातून हातभार लागतो आणि गावकरी आपल्या पोरांना असं पाठबळ देतात यात वाईट काहीच नाही. पण जास्त बोली कुणाला मिळते ते बघा: पहिल्यांदा रिंगणात येणाऱ्या विजेत्या जनावराला, आणि मग ज्याच्या बापाचा व्यवहार मोठा आहे त्याला. नोंदवहीत खाद्याचा प्रत्येक पौंड लिहिणाऱ्या, चाळीस डॉलर तोटा झाला हेही प्रामाणिकपणे मांडणाऱ्या मुलाला त्या दिवशी वेगळं काही मिळत नाही. विक्रीत भाग घ्यायचा तर नोंदवही पूर्ण हवी, असा नियम अनेक कौंट्यांनी केला आहे. पण वही पूर्ण असणं आणि कुणी ती वाचणं यात फरक आहे. उपाय फार खर्चाचा नाही. लिलावाचा क्रम जनावराच्या फितीवरून न लावता हाताळणीच्या वर्गातले गुण, नोंदवही आणि परीक्षकाशी झालेलं बोलणं यांवरून लावावा, आणि बोलीपूर्वी निवेदकाने जनावराच्या वजनाबरोबर मुलाने काढलेला रोजच्या वाढीचा आकडा आणि एकूण खर्चही वाचून दाखवावा. मेळ्याच्या व्यवस्थापनाला हे बदल पुढच्या जुलैपासून करता येतील. मुलांनी पिल्लं विकत घेण्याआधी, एप्रिलपूर्वी, ते जाहीर केले म्हणजे झालं.