एक तृतीयांशाचा हिशेब

२०२३ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आईने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढून काढली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी वारसांनी भरलेल्या अर्जांची कागदपत्रे तपासायला मागवली होती. बाबा एके काळी गिरणीत कामाला होते, हे सिद्ध करायचे होते. ट्रंकेतून एकेक चीज निघू लागली. दोन पगारपावत्या, घड्यांवर फाटून तुकडे व्हायच्या बेतात आलेल्या. कामगार विम्याचे पिवळे पडलेले कार्ड. फंडाचा एक कागद. आणि तळाशी जुन्या रुमालात बांधलेला पितळी बिल्ला. त्यावर बाबांचा तिकीट नंबर.

तपासणीच्या टेबलावरचा तरुण कारकून सौजन्याने वागला. सगळे कागद पाहून झाल्यावर त्याने आईला सहज विचारले, "आजी, तुम्ही काय करत होता?"

"मी? माझी खाणावळ होती."

त्याने मान हलवली. त्या रकान्यात लिहिण्यासारखे ते काही नव्हते.

लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत आई आठ माणसे जेवू घालत असे. आठही आमच्या राजापूर तालुक्यातले आणि सगळे गिरणीत. ते राहायचे पलीकडच्या चाळीत, गावकीच्या खोलीत. गिरणगावात अशा खोल्या शेकड्यांनी होत्या. एकेका गावाने एकेक खोली धरलेली, भिंतीला रांगेने ट्रंका, आणि माणसे पाळीपाळीने झोपणारी. रात्रपाळीचा उठून वळकटी गुंडाळेपर्यंत दिवसपाळीचा दारात उभा. पहिली पाळी सुटली की आमच्याकडे चारांची पंगत, दुसरी सुटली की उरलेल्या चारांची. जेवणाचे पैसे महिन्याच्या पगारावर. आईसारख्या हजारो बाया परळ-लालबाग-डिलाईल रोडला हेच करीत होत्या. सावकाराच्या पाशातून त्यांना सोडवायचे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज या बायांच्या दारापर्यंत आणले. आईच्या स्टोव्हचे पैसे त्यातूनच आले होते.

त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. बाबा साचेखात्यात होते. घरी आल्यावरही ते मोठ्यानेच बोलत, कारण मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची तूस बसलेली असे. शेजारचे एक काका रात्र रात्र खोकत आणि सगळा मजला जागा राही. संडासासाठी रांग, पाण्यासाठी पहाटेचे भांडण. कुणी हे परत मागत नाही. पण या सगळ्यात एक सोय होती, ती तेव्हा सोय वाटतच नव्हती. बाबा कामावर चालत जात. भोंगा झाला की निघायचे आणि दुसऱ्या भोंग्याच्या आत फाटकात. जिथे काम तिथे घर, तिथेच बाजार, तिथेच दामोदर हॉलमधले नाटक आणि गणेश गल्लीचा गणपती. शहर वसवणाऱ्यांनी मुद्दाम आखले असते, तरी इतके जवळ जमले नसते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी आणि सुमारे अडीच लाख कामगार. पगार-बोनसचा प्रश्न होताच, पण त्याखाली जुना सल होता. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता एकाच संघटनेला, आणि बहुसंख्य कामगारांचा त्या संघटनेवर विश्वास उरला नव्हता. हा संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. तो नुसता विरत गेला. दरम्यान कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर निघत राहिले आणि मुंबईच्या गिरण्यांत लाखाहून अधिक माणसांना परत काम मिळाले नाही. त्या दीड-दोन वर्षांत आमचे घर आईच्या खाणावळीवर चालायला हवे होते, पण जेवणारे आठही जण संपावर! तिने पाच महिने उधारीवर वाढले. मग एकेक जण गावी गेला. त्यातल्या दोघांनी पुढे गावाहून मनीऑर्डरी पाठवून उधारी फेडली, हे ती आजही सांगते. १९८७ मध्ये खोलीची पागडी घेऊन आम्ही देणी भागवली आणि डोंबिवलीला राहायला आलो.

इथवरची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. जयंत पवारांच्या 'अधांतर'मधून ती रंगभूमीवर आली, नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून ती पुस्तकात उतरवून घेतली. मला पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि ती कापडाची नाही, जमिनीची आहे.

गिरण्यांखाली शहराच्या ऐन मध्यावर सुमारे सहाशे एकर जमीन होती. माग बंद पडले तशी ती जमीन कापडापेक्षा कितीतरी पटींनी मोलाची झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिची वाटणी ठरवली होती. एक तृतीयांश महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. वाटणी अशी की, गावच्या पंचानेही यापेक्षा बरी केली नसती. पण तिला एक फट होती. आहे त्या बांधकामाचा नुसता वापर बदलला, तर जमीन सोडावी लागत नव्हती. मालकांनी तीच वाट धरली. जुन्या कौलारू शेडमध्ये कचेऱ्या आल्या, दुकाने आली, उपाहारगृहे आली. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९६ मध्ये सरकारी गिरण्यांच्या जागांचा एकत्रित आराखडा करून दिला. मैदाने कुठे, घरे कुठे, रस्ते कुठून, सारे एका नकाशात. तो नकाशा तसाच राहिला.

मग २००१ मध्ये नियमच बदलला. तीन वाटे कायम, पण वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची. आता गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती? सगळीकडे शेड, गोदाम, बॉयलर घर. ते पाडल्यावर जी जागा मोकळी होते ती मोकळी नव्हे, असा अर्थ लागला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अर्थ नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो ग्राह्य धरला. कायद्याचे मला कळत नाही. पण ज्यांना भाकरीचे तीन तुकडे करता येतात, त्यांना या एका शब्दाने काय झाले हे कळायला वकील लागत नाही.

त्याच सुमारास, २००५ मध्ये, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या पाच गिरण्यांच्या जागा लिलावात काढल्या. कोहिनूर क्रमांक तीनची जागा ४२१ कोटींना गेली, मुंबई टेक्स्टाइलची ७०२ कोटींना. लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागी पुढे २८० मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. जाहिरातवाल्यांनी लोअर परळला 'अप्पर वरळी' म्हणायला सुरुवात केली. 'लोअर' शब्द पत्त्यावर बरा दिसत नसावा.

बाबांच्या गिरणीच्या जागेवरही आता काचेची इमारत आहे. माझा धाकटा भाऊ तिथेच कामाला आहे, सुरक्षारक्षक म्हणून. डोंबिवलीहून पहाटेची गाडी पकडून तो बाबांच्याच फाटकाच्या जागी उभा राहतो. फरक इतकाच की, बाबांची पाळी आठ तासांची होती, याची बारा तासांची. बाबांना तिकीट नंबर होता, याला ठेकेदार आहे. तीन वर्षांत ठेकेदार दोनदा बदलला, माणूस तोच, गणवेशाचा रंग तेवढा निराळा. पगारपावती मोबाइलवर येते. पुढे-मागे कुणी याच्याही मुलांकडे पुरावा मागितला, तर ट्रंकेतून काय काढणार?

पुनर्विकासाने रोजगार गेला, असे म्हणणे खोटे ठरेल. गिरण्यांत जेवढे लोक होते तेवढे, कदाचित त्याहून अधिक लोक आज या भागात कामाला येतात. बँका, वाहिन्या, जाहिरात कंपन्या, मॉल. या कचेऱ्यांत चाळीतली शिकलेली मुलेमुलीही आहेत. माझी पुतणी तशाच एका ठिकाणी हिशेब तपासते आणि तिला गिरणीच्या आठवणींचा कंटाळा येतो. तिचेही खरेच आहे. मुद्दा 'येतात' या शब्दाचा आहे. पूर्वी माणसे चालत कामावर जात, आता सारी गाडीने येतात आणि गाडीने जातात. जमीन काचेची झाली, पण स्टेशनचे जिने गिरणीच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पावसाने लोक आडोशाला थांबले आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. माझा भाऊ त्या दिवशी आधीच्या गाडीने आला होता. पुढे लष्कराने तिथे नवा पूल बांधला, स्टेशनला प्रभादेवी नाव मिळाले. त्याच वर्षी २९ डिसेंबरच्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबना आग लागून १४ जण दगावले. सहाशे एकरांचा एकच नकाशा केला असता, तर जिने, रस्ते, आगीच्या बंबाची वाट यांचाही विचार त्यात आला असता.

घरांचे काय झाले? ज्यांना मिळाली त्यांना मिळाली, आणि त्याचे श्रेय दत्ता इस्वलकरांसारख्या माणसांना द्यावे लागेल. मॉडर्न मिलमधल्या या कामगाराने १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली आणि एप्रिल २०२१ मध्ये जाईपर्यंत हा प्रश्न सोडला नाही. म्हाडाच्या सोडतींत २०१२ पासून २०२० पर्यंत १५,८७० घरे निघाली. अर्ज आहेत पावणेदोन लाखांच्या घरात.

आमच्या चाळीतल्या तळमजल्याच्या काकींना २०१२ मध्ये घर लागले. साडेसात लाख रुपये, अर्धे कर्जाने. घर चौदाव्या मजल्यावर, सव्वादोनशे चौरस फूट, पण संडास आत, नळ आत. आई आणि मी पाहायला गेलो होतो. काकींनी चहा केला. खिडकीतून बाबांच्या गिरणीची चिमणी दिसायची, ती जागा त्यांनी बोटाने दाखवली. लिफ्टचा, पाण्याचा, सफाईचा मिळून दरमहा येणारा खर्च मुलगा भरतो, म्हणून निभते, म्हणाल्या. मजल्यावरच्या तीन घरांत भाडेकरू आहेत, मूळचे लोक भाड्याच्या पैशांवर गावाकडे राहतात. "वारा भरपूर आहे हो वहिनी," काकी आईला म्हणाल्या, "पण दार वाजवायला कुणी येत नाही." आईला मात्र ते घर मनापासून आवडले. परतीच्या गाडीत ती फक्त नळाबद्दल बोलत होती.

माणसांना जागच्या जागी नवे घर देता येते, हेही आता दिसले आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या तिथे पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांची खोली होती १६० फुटांची. महिन्याचा देखभाल खर्च त्यांना पेलेल का, हा प्रश्न आहेच, पण त्यांचा पत्ता त्यांच्याकडे राहिला. आम्ही खोली विकून गेलेले लोक. आमच्या हाती फक्त तिकीट नंबर.

२०२४ मध्ये उरलेल्या कामगारांसाठी शेलू आणि वांगणीला ८१ हजार घरे बांधण्याची योजना पुढे आली. साडेनऊ लाख रुपयांना एक. २०२५ च्या जुलैत म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले. मागणी एकच, घरे मुंबईतच द्या. भाऊ बारा तासांच्या पाळीत, म्हणून मी आईला घेऊन गेलो. पाऊस होता. आमच्या पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला खात्याचे नाव सांगितले, तशी आई पुढे वाकून म्हणाली, "आमचे पण साचेखात्यातलेच." मग तिघे तासभर बोलत होते. कोण कुठल्या जॉबरच्या हाताखाली, कोण कुठल्या खाणावळीत जेवत असे.

घरी परतताना गाडीत बरीच गर्दी होती. डोंबिवली यायच्या आधी तिने विचारले, "शेलू म्हणजे आपल्या पुढे की मागे रे?"

"पुढे, आई. कर्जतच्या बाजूला. वांगणीच्याही पुढे."

"म्हणजे लालबागच्या आणखी मागेच की," ती म्हणाली आणि उतरायला उठून उभी राहिली.