पाड्यापर्यंतची खबर : डहाणू-तलासरीतील गावसूचनांची रीत

डहाणू आणि तलासरी या पालघर जिल्ह्यातील दोन तालुक्यांत गाव म्हणजे एका जागी वसलेली घरे नव्हेत. कागदावर महसुली गाव एक, प्रत्यक्षात मात्र पाच-दहा पाडे, आणि दोन पाड्यांच्या मध्ये टेकाड, ओहोळ नाही तर भाताची खाचरे. ग्रामपंचायतीची कचेरी यांतल्या एका पाड्यावर, बहुधा डांबरी रस्त्याच्या कडेला असते. त्यामुळे ‘गावात सूचना दिली’ असे कोणी म्हटले, तर ती कोणत्या पाड्यावर दिली हे इथे वेगळे विचारावे लागते.

२०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची वस्ती सुमारे चार लाख आणि तलासरीची सुमारे दीड लाख आहे. तलासरीत दर दहांतले नऊ जण आदिवासी, त्यांत वारली सर्वाधिक. डहाणूच्या किनारपट्टीवर मांगेला, माच्छी, भंडारी अशा समाजांची दाट गावे आहेत आणि चिकूच्या वाड्यांमध्ये इराणी-पारशी बागायतदार. घरात वारली, बाजारात गुजराती, शाळेत व कचेरीत मराठी अशी भाषांची वाटणी आहे. राज्याची सीमा आखली गेली तेव्हा, १९६० मध्ये, जुन्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. महाराष्ट्रात राहिलेल्या गावांतून आजचा तलासरी तालुका उभा राहिला. सोयरिकी सीमेपलीकडे राहिल्या, त्यामुळे लग्न-मयताचे निरोप आजही दोन्ही राज्यांत फिरतात.

गावातली अधिकृत सूचना दोन दारांतून बाहेर पडते. पहिले दार ग्रामपंचायतीचे. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी फलकावर लावायची आणि दवंडी द्यायची, अशी जुन्या नियमांपासून चालत आलेली पद्धत आहे. फलकावर विषयपत्रिका असते: घरकुलाची यादी, पाणीपुरवठा, रोजगार हमीची कामे, जमाखर्च, आणि शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणेही बंधनकारक आहे. तिची नोटीस पुष्कळदा त्याच कागदाच्या तळाशी दोन ओळींत उरकलेली दिसते.

दुसरे दार तलाठ्याचे. जमिनीचा फेरफार नोंदवला, की जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे त्याची प्रत चावडीत लावायची आणि हितसंबंधितांना लेखी कळवायचे. हरकतीला पंधरा दिवस. ही नोटीस दिसायला क्षुल्लक. पण ज्या भागात सावकार आणि जमीनदारांनी कोऱ्या कागदांवर अंगठे घेऊन जमिनी गिळल्या, तिथे गावातल्या साऱ्या कागदांत हाच सर्वांत जपून वाचायला हवा. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे; लोकांच्या तोंडी तलाठीच आहे. फेरफाराच्या नोटिसा शासनाच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही दिसतात, म्हणजे भिवंडीत कामाला गेलेल्या माणसालाही आपल्या सर्व्हे नंबरावर काय चालले आहे ते मोबाइलवर पाहता येते. अट एवढीच, की असे काही पाहता येते हे त्याला कोणीतरी सांगितलेले असावे.

दवंडी देणारा माणूस म्हणजे कोतवाल किंवा पंचायतीचा शिपाई. ‘ऐका हो ऐका’ ही आरोळी सिनेमाने अमर केली असली, तरी या भागात दवंडीचे खरे मोल पायपिटीत आहे. कोतवाल किती पाडे चालतो, यावर सूचनेची हद्द ठरते. रस्त्याच्या पाड्यावर वाजवून परतला, तर आतल्या पाड्यांना सभा झाल्यानंतर तिची बातमी लागते. नियमपुस्तकाच्या दृष्टीने मात्र दवंडी झालेली असते.

ग्रामसभेच्या तारखांचीही अडचण आहे. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या ग्रामसभा. दिवाळीनंतर, भातकापणी आणि झोडणी आटोपली, की डहाणू-तलासरीच्या आतल्या पाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. कोणी रेतीवर, कोणी बांधकामावर. परततात ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे चारपैकी दोन सभा नेमक्या पाडे रिकामे असताना भरतात. १५ ऑगस्टला लावणी उरकलेली असते आणि माणसे घरी असतात. तीच ग्रामसभा खरी भरते. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करण्याची तरतूद आहे, पण वीटभट्टीवरच्या मजुराला तहकुबीचा काय उपयोग? पगारी माणसाच्या सुट्ट्यांवर गावाची सभा बसवण्याचा हा प्रकार आदिवासी भागात तरी बदलायला हवा. कायदा वर्षात किमान चार सभा मागतो. त्या याच चार दिवशी घ्या, असा काही आग्रह शेतीच्या हंगामाचा नाही.

यावर एक उतारा कायद्यातच आहे. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून इथे १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम लागू आहेत. या नियमांप्रमाणे पाड्यातील मतदार ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागू शकतात. मान्यता मिळाली, की पाड्याची स्वतःची ग्रामसभा होते, आणि सभेची सूचना हाक मारण्याच्या अंतरात येते. गौण वनोपज, तळी, बाजार, गावातले दारूचे दुकान अशा विषयांवर तिला बोलण्याचा अधिकार मिळतो, हे अधिक मोठे.

अधिकृत कागदाला समांतर एक दुसरी वाट आहे आणि बहुतेक खबर तिनेच पोचते. आठवडे बाजार हे तिचे मुख्य नाके. कासा किंवा तलासरीच्या बाजारात मीठ, सुकी मासळी, कपडे घेता घेता लग्नाची तारीख, भगताचा निरोप, भट्टीच्या मुकादमाने दिलेली उचल आणि रेशनचा ट्रक आला की नाही, हे सगळे एका फेरीत कळते. आश्रमशाळेतून सुट्टीवर आलेली मुले, आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, गच्च भरलेली जीप चालवणारा पोरगा हे या वाटेवरचे डाकवाले. लसीकरणाची तारीख आशाताईने घरी येऊन सांगितली तर बाया येतात. नुसती फलकावर लिहिली तर फलकासमोर शेळ्या येतात.

काही सूचना शब्दांवाचूनच दिल्या जातात. वारली घराच्या कुडावर तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी देवचौक रेखला, की त्या घरी लग्न आहे. चैत्री पौर्णिमेपासून डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथे महालक्ष्मीची यात्रा सुरू होते. डोंगरावर देवीचा ध्वज चढला, हीच यात्रेची खूण. पंधरा दिवस चालणारी ही यात्रा परिसरातल्या आदिवासींचे मोठे संमेलन असते आणि वर्षभराच्या सोयरिकी तिथे जुळतात.

किनाऱ्यावर सूचनांचा रोख समुद्राकडे असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग नारळी पौर्णिमा, मग वादळाचे इशारे आणि बंदरावरचा धोक्याचा बावटा. वस्ती दाट असल्याने इथे एका ध्वनिवर्धकात काम भागते, आणि मच्छीमार सहकारी संस्थेचा शब्द पंचायतीच्या नोटिशीपेक्षा आधी मानला जातो. डिझेलचा कोटा संस्थेकडे असतो, हे त्याचे साधे कारण.

वर्तमानपत्र या व्यवस्थेत रस्त्यापर्यंतच येते. डहाणूहून ‘राजतंत्र’सारखे स्थानिक पत्र निघते आणि मुंबईच्या दैनिकांची पालघर पाने असतात. तिथल्या ‘जाहीर नोटीस’ या चौकटी नीट वाचाव्यात: अमुक सर्व्हे नंबरची जमीन आमचे अशील खरेदी करीत आहेत, कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे. ज्याची हरकत असू शकते तो हे पत्र घेत नाही, आणि जो घेतो त्याची हरकत नसते.

मोठ्या प्रकल्पांच्या वेळी हे अंतर उघडे पडते. पर्यावरणीय जनसुनावणीसाठी २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत तीस दिवसांची नोटीस एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात द्यावी असे म्हटले आहे. आणि जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटून कळवावे, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे दिल्लीत बसून नियम करणाऱ्यांनाही दवंडीवाचून गत्यंतर नव्हते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानेही प्राथमिक अधिसूचना ग्रामपंचायतीत स्थानिक भाषेत लावणे आवश्यक केले. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे, मुंबई-वडोदरा महामार्ग आणि मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग या तिन्हींच्या नोटिसा याच पट्ट्यातल्या फलकांवर लागल्या.

डहाणूच्या किनाऱ्यावरील वाढवण बंदराचे उदाहरण सर्वांत लांबलेले आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये हे बंदर नाकारले. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. जानेवारी २०२४ मध्ये जनसुनावणी झाली, जूनमध्ये ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. या पंचवीस वर्षांत किनाऱ्यावरच्या गावांनी आपली सूचना घरांवर काळे झेंडे लावून दिली. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश देणे नियमाने आवश्यक असते. पण मूळ अहवाल शेकडो पानांचे, इंग्रजीत आणि तांत्रिक भाषेत असतात, आणि आक्षेप नेमके त्याच पानांवर घ्यायचे असतात.

खात्रीची खबर जिथे पोचत नाही तिथे आवई पोचते, आणि या भागाने तिची किंमत दोनदा मोजली आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार वारल्यांची परिषद भरली, वेठबिगार नाकारण्याचा निर्णय झाला आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली लढा पसरला. निरोप तोंडोतोंडी जायचे. हे हेरून जमीनदारांनी ऑक्टोबरात खोटी खबर सोडली, की तलवाड्याला लाल बावट्याची सभा आहे आणि गोदूताई, म्हणजे गोदावरीबाई, येणार आहेत. १० ऑक्टोबरला हजारो माणसे जमली. दुसरीकडे पोलिसांना सांगितले गेले, की आदिवासी हल्ल्यासाठी गोळा झाले आहेत. गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा काळ लिहून ठेवला आहे.

पंचाहत्तर वर्षांनी वाहन बदलले होते. टाळेबंदीच्या काळात मुले पळवणारी, अवयव काढणारी टोळी फिरते आहे असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागले. गावोगाव रात्रीचे पहारे बसले. बाजार बंद, जीपा बंद, शाळा बंद. म्हणजे खबर पडताळण्याची प्रत्येक जागा बंद, आणि फक्त मोबाइल चालू. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांची हत्या केली. अफवेचा दोष मोबाइलवर ढकलणे सोपे आहे. तलवाड्याला मोबाइल नव्हता.

या दोन घटनांच्या मधल्या काळातल्या भूकंपांनी तिसराच प्रश्न उभा केला. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्या दिवशी घाबरून पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. माणसे थंडीत अंगणात झोपू लागली, प्रशासनाने तंबू दिले, शाळा उघड्यावर भरल्या. अधिकृत माहिती रिश्टरच्या आकड्यात आणि खोलीच्या किलोमीटरमध्ये येई. पाड्याला विचारायचे होते एवढेच, की आज रात्री घरात झोपावे की बाहेर. याचे उत्तर कोणत्याही वेधशाळेकडे नसते. पण ते नसते, एवढे तरी वारली बोलीत येऊन सांगणारा माणूस पाड्याला लागतो.

आज बहुतेक पंचायतींचे व्हॉट्सॲप गट आहेत आणि ग्रामसभेची नोटीस छायाचित्र काढून त्यांवर टाकली जाते. रेंज मात्र टेकडीवर किंवा एखाद्या ठरावीक झाडाखालीच मिळते, असे पाडे अजून आहेत. तिथल्या रहिवाशाने सभेची सात दिवसांची नोटीस मिळाली नाही, तर तशी लेखी हरकत गटविकास अधिकाऱ्याकडे द्यावी आणि पोच घ्यावी. फेरफाराच्या नोटिशीवरची हरकत पंधरा दिवसांच्या आत तलाठ्याकडे द्यावी. दोन्हींसाठी साधा कागद चालतो.