वकिलांची बिले कोणी भरली?

आयोवातील स्टॉर्म लेक हे जेमतेम दहा हजारांवर वस्तीचे अमेरिकन शहर. शेतांतले नायट्रेट रकून नदीत उतरते, म्हणून २०१५ मध्ये राजधानीच्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या अंगाच्या तीन काउंटींवर दावा लावला. आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या, सुमारे तीन हजार खपाच्या ‘स्टॉर्म लेक टाइम्स’ने साधेच विचारले: काउंटींच्या वकिलांचे पैसे कोण देते? उत्तर मिळेना. संपादक आर्ट कलन अग्रलेखांतून तेच विचारत राहिले. अखेर शेती-उद्योगातील संघटनांनी गुपचूप उभारलेला निधी उजेडात आला. वाचक आणि जाहिरातदार, दोघेही त्याच शेतीवर जगणारे. खरी जोखीम ती होती. २०१७ मध्ये कलन यांना पुलित्झर मिळाले. त्याच वर्षी दावा मात्र न्यायालयाने फेटाळला.