घारीचं थोरलं पोर

कठड्यापासून मागे सरा रे पोरांनो. पिल्लं घरट्यात असली की घार सरळ आपल्या टाळक्यावर झेप घेते. इथूनच बघा, त्या पिंपळाच्या शेंड्याला, बेचक्यात काटक्यांचा ढीग दिसतोय ना? त्यात चिंध्या, दोरे, पिशव्या, काय वाट्टेल ते भरलेलं असतं. हसू नका. घारी पांढरं प्लास्टिक मुद्दाम निवडून आणतात, हे स्पेनमधल्या अभ्यासकांनी 2011 साली दाखवून दिलं. जिचं घरटं जास्त सजलेलं ती जोडी जास्त दांडगी. बाकीच्या घारी तिच्या वाटेला जात नाहीत. दारावरची पाटीच म्हणा ना!

उत्तरायणात तुम्ही या गच्चीवर पतंग उडवत ‘काप्यो छे!’ म्हणून बोंबलत होतात, तेव्हा मादी तिथं अंडी उबवत होती आणि नर आकाशभर पसरलेल्या मांजातून तिला खाणं आणून देत होता. सुरती मांजाला काच असते. पंख चिरला की संपलं. जखमी पक्ष्यांसाठी सरकार त्या दिवसांत करुणा अभियान चालवतं ते उगाच नाही. हा नर धड राहिला, हे नशीबच.

मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं पुढेमागे निघतात. काठावर उभं आहे ते थोरलं. छातीवर फिक्या रेघा आहेत, शेपटीची खाच अजून उथळ. आता बघा, वारा आला! पंख फडफडले, पाय वर उचलले गेले, पण एका नखीत काटकी घट्ट धरलेली आहे. सोडत नाही लबाड. धाकटं मात्र पंखाचा फटका बसू नये म्हणून खाली दबून बसलंय.

आई उडायला शिकवते? छे! इंग्लंडातल्या डग्लस स्पाल्डिंगने दीडशे वर्षांपूर्वी पाकोळीची पिल्लं पंख हलवता येणार नाहीत एवढ्याशा पेटीत वाढवली. सोडल्यावर ती सरळ उडाली. उडणं अंगातच असतं. थोरल्याच्या या उड्या स्नायू तयार होण्यासाठी. फांदीवर नीट उतरणं मात्र आपटत-धडपडतच जमतं.

अमेरिकेच्या राजमुद्रेवरचा पांढऱ्या डोक्याचा गरुड घारीच्या भाऊबंदांतलाच. त्याची पोरं दहा-बारा आठवड्यांनी घरटं सोडतात, पण डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. आपली घार दीड-दोन महिन्यांत उरकते. तरी पुढे काही आठवडे आईबापांच्याच जिवावर! पायात धरलेला घास उडता उडता खायचा, ही कसरत सरावाची. घास सुटला की कावळे टपलेलेच.

आणि उद्या-परवा एखादं पोर खाली आपटलेलं दिसलं, तर दूध-पाव भरवत बसू नका. जखम नसेल तर मला हाक मारा. जाड फडक्यात धरून उंच भिंतीवर ठेवू. आईबाप तिथं येऊन भरवतात. नखांपासून हात तेवढे जपा.