पावसाळ्यात समुद्र गढूळ का होतो?

मृगाचा पाऊस लागला की कोकणकिनाऱ्यावरचं पाणी मातकट होतं. खाडीच्या तोंडाशी तर तांबूस पट्टा दूरवर समुद्रात शिरलेला दिसतो. ही माती येते कुठून आणि जाते कुठे?

पहिला वाटा नद्यांचा. वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका सह्याद्रीतून तीव्र उतारानं खाली येतात आणि थोडक्या अंतरात समुद्र गाठतात. वाटेत गाळ टाकायला त्यांना फारशी सवडच नसते. पुराचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते मातीसकट समुद्रावर वरच्या वर पसरतं.

पुढचं काम मिठाचं. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना लोटतात आणि तरंगत राहतात. समुद्रातले क्षार हा दुरावा कमी करतात. मग कण चिकटतात, गुठळ्या होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर साधारण असंच होतं.

वादळ मात्र गाळ बसू देत नाही. १०० मीटर लांबीच्या लाटेची हालचाल सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत जाणवते. उथळ किनाऱ्याजवळ ती थेट तळ ढवळते आणि जुना गाळही वर आणते.

नदीच्या पाण्याबरोबर पोषकद्रव्यंही येतात. पाणी निवळून ऊन आत शिरलं की त्यांच्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर मासे पोसले जातात. नदीत टाकलेलं प्लास्टिकही याच वाटेनं समुद्रात जातं. नदीकाठच्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवायला हवं.