नेटवर्क बॅकअप ड्राइव्हचा संपर्क का तुटतो? दोष शोधण्याची पायरीवार पद्धत

प्रस्तावना

बॅकअप म्हणजे आपल्या माहितीची दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत. ही प्रत अनेकदा नेटवर्कवरील सामायिक ड्राइव्हवर ठेवली जाते. तो नॅस, म्हणजे नेटवर्कला थेट जोडलेले साठवणयंत्र असू शकतो, किंवा दुसऱ्या संगणकावरचा शेअर केलेला फोल्डर असू शकतो. ही सोय चांगली असली तरी "बॅकअप ड्राइव्ह सापडला नाही" किंवा "संपर्क तुटला" असा संदेश कधी ना कधी येतोच.

बहुतेक जण तो संदेश बंद करून पुढचे काम करतात. खरा धोका इथेच असतो. बॅकअप थांबला तरी संगणक नेहमीसारखाच चालतो. पुढे हार्ड डिस्क बिघडली की प्रकल्प अहवालाची शेवटची प्रत दोन महिन्यांपूर्वीची आहे, हे तेव्हा लक्षात येते. म्हणून या पाठात आपण हा दोष नेमका कुठे आहे ते क्रमाने कसे शोधायचे, हे पाहणार आहोत. उदाहरणे मुख्यतः विंडोजची आहेत, पण विचारपद्धत कोणत्याही प्रणालीला लागू पडते.

१. मॅप केलेला ड्राइव्ह म्हणजे नेमके काय?

"झेड" ड्राइव्ह उघडल्यावर तो "सी" ड्राइव्हसारखाच दिसतो, पण तो तुमच्या संगणकात नसतो. ते अक्षर म्हणजे दूरच्या फोल्डरच्या पत्त्याला दिलेले टोपणनाव आहे. मूळ पत्ता \\सर्व्हर\बॅकअप अशा स्वरूपाचा असतो. त्या पत्त्यावरील फाइल्सची देवाणघेवाण एसएमबी या प्रोटोकॉलने होते. १९८३ मध्ये आयबीएममध्ये त्याची सुरुवात झाली. आज तो मुख्यतः टीसीपीच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतो.

ड्राइव्ह उघडण्यासाठी पुढील पाच गोष्टी एकाच वेळी ठीक असाव्या लागतात:

१. केबल किंवा वाय-फायची जोडणी
२. दोन्ही यंत्रांचे आयपी पत्ते
३. सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता सापडणे
४. फाइल शेअरिंगची सेवा चालू असणे
५. वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि परवानगी

यातली एकही कडी निसटली तर पडद्यावर दिसणारा परिणाम जवळजवळ सारखाच असतो. म्हणून एकदम सगळ्या सेटिंग बदलू नका. खालच्या कडीपासून वर तपासत जा.

२. आधी ठरवा: हा खरोखर दोष आहे का?

ड्राइव्हच्या चिन्हावर लाल फुली दिसते, पण त्यावर डबल-क्लिक केले की तो लगेच उघडतो, असे होत असेल तर काळजी करू नका. शेअर करणारा विंडोज संगणक निष्क्रिय जोडणी ठरावीक वेळेनंतर स्वतःहून बंद करतो. मूळ सेटिंगमध्ये ही वेळ १५ मिनिटे असते. गरज पडताच जोडणी पुन्हा होते.

संगणक सुरू होताना "सर्व नेटवर्क ड्राइव्ह पुन्हा जोडता आले नाहीत" असा संदेश येतो, तेव्हाही बहुधा असेच काहीसे घडलेले असते. लॉगिन आधी पूर्ण होते आणि वाय-फाय काही सेकंदांनी जोडले जाते. नंतर ड्राइव्ह उघडत असेल तर बॅकअपची वेळ लॉगिननंतर काही मिनिटांनी ठेवणे एवढाच उपाय पुरतो.

३. त्रुटीचा क्रमांक वाचा

विंडोज बहुतेक वेळा संदेशासोबत क्रमांक देते. तो सोळाच्या पायातील संख्येत, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये असू शकतो. क्रमांक ८००७ ने सुरू होत असेल तर शेवटचे चार अंक दशमान पद्धतीत बदला. उदाहरणार्थ, ८००७००३५ मधील ३५ म्हणजे ३ × १६ + ५ = ५३. आता अर्थ पाहा:

- ५: परवानगी नाकारली. यंत्र सापडले आहे, पण प्रवेश नाही.
- ५३: नेटवर्कवरचा मार्ग सापडला नाही. नाव, पत्ता किंवा फायरवॉल तपासा.
- ६४: नेटवर्कवरचे नाव आता उपलब्ध नाही. बहुधा चालू असलेली जोडणी मध्येच तुटली आहे.
- ११२: डिस्कवर जागा उरलेली नाही.
- १२१९: त्याच सर्व्हरला दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने आधीच जोडणी झालेली आहे.
- १३२६: वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

५३ आणि ६४ यांतला फरक लक्षात ठेवा. ५३ मध्ये दार सापडतच नाही. ६४ मध्ये आत गेल्यावर दार बंद होते. दोन्हींची कारणे वेगळी असतात.

४. पायरीवार तपासणी

पायरी १: जोडणी. केबल दोन्ही टोकांना नीट बसली आहे का आणि पोर्टचा दिवा लागला आहे का, ते पाहा. त्यानंतर नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग पाहा. गिगाबिट वेगासाठी केबलमधील चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटली की जोडणी बंद न पडता १०० मेगाबिटवर उतरू शकते. १०० गिगाबाइटच्या बॅकअपला गिगाबिट जोडणीत सैद्धांतिक हिशेबाने सुमारे १३ मिनिटे लागतात, १०० मेगाबिटवर सव्वादोन तास. बॅकअप जितका लांबेल तितकी तो मध्येच तुटण्याची शक्यता वाढते. मोठा पहिला बॅकअप शक्यतो केबलनेच घ्या.

पायरी २: पत्ता. तुमच्या संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. पत्ता ठीक असेल तर नॅसच्या पत्त्यावर पिंग करा. उत्तर आले तर खालच्या कड्या ठीक आहेत. उत्तर आले नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, कारण काही फायरवॉल पिंग अडवतात.

वसतिगृहात किंवा कॅम्पसच्या वाय-फायवर आणखी एक शक्यता असते. सुरक्षेसाठी तिथे जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही. इंटरनेट उत्तम चालते, पण शेजारच्या खोलीतला नॅस दिसत नाही. हा बिघाड नव्हे, धोरण आहे. त्यासाठी नेटवर्क प्रशासकाशी बोलावे लागते.

पायरी ३: नाव. \\सर्व्हर\बॅकअप उघडत नाही, पण नावाच्या जागी आयपी पत्ता लिहिला की उघडतो? मग दोष नावावरून पत्ता शोधण्यात आहे. याउलट, ड्राइव्ह आयपी पत्त्याने मॅप केला असेल आणि वीज गेल्यानंतर तो सापडत नसेल, तर राउटरने नॅसला नवा पत्ता दिलेला असू शकतो. उपाय असा: राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये नॅससाठी एक पत्ता राखून ठेवा.

पायरी ४: सेवा. पॉवरशेलमधील टेस्ट-नेटकनेक्शन या कमांडने ४४५ क्रमांकाचे पोर्ट उघडे आहे का ते तपासा. बंद असेल तर शेअर करणाऱ्या संगणकावर नेटवर्कचा प्रकार "पब्लिक" झाला आहे का ते पाहा. तसे असेल तर फायरवॉल सामान्यतः शेअरिंग अडवते. घरच्या विश्वासू नेटवर्कवर तो "प्रायव्हेट" करा.

विंडोज अपडेटनंतर जुना नॅस अचानक दिसेनासा झाला, तर एसएमबीची आवृत्ती तपासा. मे २०१७ मधील वॉनाक्राय हल्ला एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेऊन पसरला. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती मूळ सेटिंगने येत नाही. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत पासवर्डविना "गेस्ट" प्रवेशही मूळ सेटिंगने बंद आहे. अशा वेळी जुनी, असुरक्षित सोय पुन्हा चालू करू नका. नॅसचे सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि त्यावर पासवर्ड असलेले खाते तयार करा.

पायरी ५: ओळख. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधील जुनी नोंद काढून नवी भरा. १२१९ ही त्रुटी आली तर त्या सर्व्हरच्या सगळ्या जोडण्या तोडून एकाच नावाने पुन्हा जोडा.

पायरी ६: वेळ. संपर्क कधी तुटतो त्याच्या वेळा आठवडाभर लिहून ठेवा. संगणक वापरात नसतानाच तुटत असेल तर वीजबचत तपासा: संगणकाची झोप, डिव्हाइस मॅनेजरमधील नेटवर्क कार्ड बंद करण्याची परवानगी, नॅसच्या डिस्कची विश्रांती. वीज गेल्यावर तुटत असेल तर नॅससोबत राउटर आणि स्विचही यूपीएसवर आहेत का ते पाहा. फक्त नॅसला यूपीएस देऊन संपर्क टिकत नाही.

५. ड्राइव्ह उघडतो, तरी बॅकअप होत नाही

विंडोजमध्ये ड्राइव्हचे अक्षर त्या त्या लॉगिनपुरते असते. रात्री आपोआप चालणारे बॅकअपचे काम दुसऱ्या खात्याने किंवा प्रशासकाच्या अधिकाराने चालत असेल, तर त्याला तुमचा "झेड" ड्राइव्ह दिसतोच असे नाही. म्हणून बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराऐवजी पूर्ण पत्ता द्या.

लिनक्समध्ये याहून फसवी गोष्ट घडते. नेटवर्क ड्राइव्ह माउंट झाला नाही तरी ज्या फोल्डरवर तो माउंट व्हायचा तो रिकामा फोल्डर तिथेच असतो. बॅकअपची स्क्रिप्ट त्यातच फाइल्स लिहिते, म्हणजे मूळ आणि प्रत एकाच डिस्कवर राहतात. त्रुटीचा संदेशही येत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ड्राइव्ह माउंट आहे का याची तपासणी घाला आणि नसेल तर काम तिथेच थांबवा.

६. दुरुस्तीनंतर

संदेश येणे बंद झाले म्हणजे बॅकअप ठीक झाला असे नाही. मध्येच तुटलेल्या बॅकअपच्या फाइल्स अर्धवट राहिलेल्या असू शकतात. पूर्ण बॅकअप पुन्हा चालवा. मग दोन-तीन फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडून पाहा.

सतत जोडलेल्या ड्राइव्हपर्यंत रॅन्समवेअरही पोहोचू शकते. त्यामुळे आणखी एक प्रत न जोडलेल्या डिस्कवर ठेवा. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी, हा नियम यासाठीच सांगितला जातो.

सारांश

जोडणी, पत्ता, नाव, सेवा, ओळख या क्रमाने तपासा. त्रुटीचा क्रमांक आणि वेळ नोंदवा. एका वेळी एकच सेटिंग बदला. फाइल परत आणून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असे मानू नका.

स्वाध्याय

१. ८००७०५२ई या क्रमांकाचे शेवटचे चार अंक दशमान पद्धतीत बदला आणि त्याचा अर्थ सांगा. सोळाच्या पायात "ई" म्हणजे १४.
२. नॅसला पिंगचे उत्तर येते, पण त्रुटी ५३ दिसते. पुढच्या कोणत्या दोन गोष्टी तपासाल?
३. तुमच्या स्वतःच्या बॅकअपमधून एक फाइल आज परत आणा. ती किती जुनी निघाली ते लिहा.