लाकडाची पारख आणि परीक्षा

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या वाचनालयातील पुस्तकांची एक फळी मधोमध दुभंगून कोसळली. वेळ मधल्या सुट्टीची होती, मुले पटांगणात होती, म्हणून कोणास इजा झाली नाही. परंतु जमिनीवर विखुरलेले जाडजूड शब्दकोश आणि त्यांच्याखाली आडवे झालेले ते लहानसे स्टूल पाहिले, तेव्हा आमच्या पोटात गोळा उठला. पाच मिनिटांपूर्वी त्याच स्टुलावर तिसरीतील एक मुलगी वाचत बसली होती.

ते कपाट ज्याने पुरवले त्या दुकानदारास आम्ही जाब विचारला. तो म्हणाला, "फळी मजबूतच होती. तुमची पुस्तके जड आहेत." उत्तर ऐकून राग आला, पण घरी आल्यावर मनाशी विचार करता वाटले, मजबूत म्हणजे तरी काय? किती वजनाला मजबूत, किती लांबीवर मजबूत आणि किती वर्षे मजबूत? आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी फळ्या आहेत, पलंग आहेत, स्वयंपाकघरातील कपाटे आहेत. आपल्या प्रार्थनामंदिरांत बाके आहेत. म्हणून वाचकांपुढे हा विषय मांडण्याचे योजिले आहे.

जुन्या लोकांची पारख

लाकूड आपल्या समाजाला परके नाही. कोकणात आपले पूर्वज 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात, आणि तेलाचा घाणा म्हणजे लाकडाचेच यंत्र. त्याच्या लाटेवर दिवसभर ताण पडे. ती कच्च्या लाकडाची असून चालत नसे. पुढे मुंबईस आल्यावर आपल्यातील कित्येकांनी सुतारकाम पत्करले. आमचे थोरले मामा त्यांपैकीच एक. वखारीत गेले की ते आधी फळी उचलून तिचे वजन अजमावत, मग बोटाच्या पेराने तिच्यावर टिचकी मारून कान देत. आवाज खणखणीत आला तर लाकूड निरोगी. बद्द आला तर आत ओल, पोकळी किंवा कीड. शेवटी फळी डोळ्यांसमोर धरून तिच्या रेषा कोणत्या दिशेने धावतात ते पाहत. आम्हांला म्हणत, "बाळ, लाकूड खोटं बोलत नाही, आपणच कान देत नाही."

मामा प्रयोगशाळेची पायरी कधी चढले नाहीत. तरीही वजन, आवाज आणि रेषा या त्यांच्या तिन्ही कसोट्या शास्त्राने पुढे खऱ्या ठरविल्या आहेत. एकाच जातीच्या निर्दोष लाकडात जे वजनदार ते सामान्यतः अधिक बळकट असते. आणि लाकडातून ध्वनी किती वेगाने जातो हे मोजून त्याचा ताठपणा ठरविण्याची पद्धत आज जगभर वापरली जाते.

गॅलिलिओ ते देहरादून

या शास्त्राचा आरंभ शोधू गेल्यास आपण गॅलिलिओपाशी पोहोचतो. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने तुळईच्या बळाचा विचार केला. तुळईची रुंदी दुप्पट केली तर बळ दुप्पट होते, पण उंची दुप्पट केली तर बळ चौपट होते, हे त्याने दाखविले. त्याच्या गणितात एक चूक होती, ती पुढच्या शास्त्रज्ञांनी सुधारली. पण हे प्रमाण मात्र बरोबर ठरले. आपल्या कोकणातील घरांत तुळई आडवी न घालता उभी घालत, त्यामागचे इंगित हेच. पुढे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्युफाँने ओकच्या मोठमोठ्या तुळया वजने टांगून प्रत्यक्ष मोडून पाहिल्या.

हिंदुस्थानात हे काम देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत झाले. ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. तेथे शेकडो जातींच्या लाकडांचे नमुने यंत्रांत घालून वाकविले, चिरडले, चिरले आणि मोडले गेले. १९३३ साली तेथील व्ही. डी. लिमये यांनी हिंदुस्थानातील लाकडांच्या भौतिक व यांत्रिक गुणधर्मांचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. त्या कामातून एक सुंदर रीत रूढ झाली. सागाचा प्रत्येक गुण १०० धरावयाचा आणि इतर लाकडांना त्याच्या तुलनेत अंक द्यावयाचे. शाळेतील गुणपत्रिकाच ती! फरक इतकाच, की येथे साग हा पहिला आलेला विद्यार्थी नसून मोजपट्टी आहे. कठीणपणात बाभूळ त्याच्या पुढे जाते, म्हणूनच गाडीची चाके व नांगर बाभळीचे करीत. पण उन्हापावसात कमीत कमी हलणारे, वाळवीला दाद न देणारे आणि हत्याराला वश होणारे असे सगळे गुण एकत्र हवे असले, की सुतार सागाकडेच वळतो. मिश्कानासाठी जे शिट्टीमचे लाकूड सांगितले आहे, ते बाभळीच्याच कुळातले. अरावाच्या वाळवंटात ही झाडे आजही उभी आहेत.

परीक्षा कशी घेतात?

मुख्य परीक्षा वाकविण्याची. ५ सेंटिमीटर रुंद, तितकाच जाड आणि ७५ सेंटिमीटर लांब असा निर्दोष तुकडा ७० सेंटिमीटर अंतरावरील दोन टेकूंवर ठेवतात आणि मधोमध हळूहळू भार वाढवीत नेतात. प्रत्येक भाराला तुकडा किती वाकला ते मोजतात. वाक कमी तर लाकूड ताठ. मोडेपर्यंतचा भार अधिक तर लाकूड बळकट. ताठपणा आणि बळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावे. चांगले लाकूड मोडण्यापूर्वी करकरते, तंतू उलगडतात, जणू ते सावध करते. ठिसूळ लाकूड मात्र खडूसारखे एकदम तुटते.

कठीणपणासाठी ऑस्ट्रियातील यान्का याची रीत वापरतात. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी निम्मी आत जाईपर्यंत लाकडात दाबतात आणि त्यास किती जोर लागला ते नोंदतात. गोळीचे हे विचित्र माप का? कारण उमटणाऱ्या ठशाचे क्षेत्र बरोबर एक चौरस सेंटिमीटर भरते.

पण कोणत्याही परीक्षेआधी ओल मोजावी लागते. तुकड्याचे वजन करून तो १०३ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवितात. जितके पाणी गेले त्याचे कोरड्या वजनाशी शेकडा प्रमाण म्हणजे ओल. ही ओल शेकडा ३० च्या सुमाराहून खाली उतरू लागली, की लाकूड आकसू लागते आणि त्याचबरोबर बळकटही होऊ लागते. म्हणून तुलनेसाठी शेकडा १२ ओल प्रमाण मानली आहे. मुंबईच्या दमट हवेत घडविलेली सागाची पेटी दिमोनाला आली आणि दोन उन्हाळ्यांत तिच्या सांध्यांत फटी पडल्या, असे अनेक घरांतून ऐकू येते. त्यात सुताराचा दोष नाही; लाकूड नव्या हवेशी जुळवून घेते इतकेच. आपणही तेच केले.

रेषांचे महत्त्वही आकड्यांत सांगता येते. फळीच्या दहा सेंटिमीटर लांबीत रेषा एक सेंटिमीटर तिरकी गेली, तर वाकविण्यातील बळ शेकडा ८१ वर येते. पाचात एक गेली तर जेमतेम ५५ उरते. मामा डोळा बारीक करून पाहत ते हेच.

काळाचा भार

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रयोगशाळेतील परीक्षा काही मिनिटांत संपते. घरातील फळी मात्र रात्रंदिवस भार वाहते. अमेरिकेतील मॅडिसन येथील प्रयोगशाळेत दीर्घकाळ भार ठेवून पाहिले, तेव्हा आढळले की काही मिनिटांच्या परीक्षेत १०० किलो पेलणारी तुळई दहा वर्षे सतत भार वाहणार असेल, तर तिच्यावर सुमारे ६२ किलोच भरवसा ठेवावा. लाकूड थकते. आज न मोडलेली फळी उद्या मोडणार नाही, असे म्हणता येत नाही.

दिक्त आणि सिबित

या देशात इमारती लाकूड बहुतेक बाहेरून येते, म्हणून आपली घरे प्लायवूड आणि भुशाचिपांच्या फळ्यांनी भरलेली असतात. येथील नगर त्यांना 'दिक्त' आणि 'सिबित' म्हणतो. दोन्हींवर एकच गुळगुळीत मुलामा चढविला, की गिऱ्हाइकाला फरक कळत नाही.

दिक्तमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकाआड एक आडवेउभे चिकटवितात. त्यामुळे ते दोन्ही दिशांना बळ धरते आणि फारसे आकसत नाही. त्याची खरी परीक्षा गोंदाची असते. उत्तम प्रतीच्या प्लायवूडचे तुकडे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून मग सुरीने पापुद्रे सोडविण्याचा प्रयत्न करतात. गोंदाऐवजी लाकूडच फाटले, तर माल उत्तीर्ण.

सिबित म्हणजे लाकडाचे बारीक कपचे गोंदात दाबून केलेली फळी. ती स्वस्त व सपाट असते. पण लांब तंतू नसल्यामुळे तिचे बळ सागाच्या निर्दोष तुकड्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतके आणि ताठपणा साधारण चौथ्या हिश्श्याइतका भरतो. सततच्या भाराखाली ती अखंड लाकडाहून अधिक लवते. तिच्या दोन खास परीक्षा आहेत. एकीत ५ सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्याला दोन्ही बाजूंनी ठोकळे चिकटवून तो मधून फाटेपर्यंत ओढतात. दुसरीत तसाच तुकडा २४ तास पाण्यात बुडवून त्याची जाडी किती फुगली ते मोजतात. आता आपल्या घरी दर शुक्रवारी स्पोंजा होतो, बादलीभर पाणी जमिनीवर ओतले जाते, आणि कपाटाचा तळ त्या पाण्यात उभा असतो. ही दुसरी परीक्षा आपण दर आठवड्यास घेत असतो, असेच म्हणावयाचे!

वर्गातील प्रयोग

कोसळलेल्या फळीचा धडा वाया जाऊ नये, म्हणून आम्ही सहावीच्या मुलांकडून काही परीक्षा करविल्या. दोन टेबले ६० सेंटिमीटर अंतरावर ठेवली, त्यांवर तीन सेंटिमीटर रुंद व एक सेंटिमीटर जाड पट्टी आडवी टाकली, मधोमध बादली टांगली आणि खाली जाड गादी अंथरली. मग एकेक लिटर पाणी ओतत वाक मोजला. तीच पट्टी उभी धरली, तेव्हा हिशोबाने तिचा ताठपणा नऊपट व्हावयास हवा होता. मुलांचे माप त्याच्या जवळपास आले आणि वर्गात एकच गलका झाला. रात्रभर भिजविलेली पट्टी कोरड्या पट्टीहून स्पष्ट अधिक वाकली. सिबितचा तुकडा एका दिवसात इतका फुगला, की एका मुलाने त्यास 'ओला पाव' असे नाव दिले.

शेवटी आम्ही मोडलेली फळी तपासली. ती सिबितची होती. लांबी १ मीटर २० सेंटिमीटर आणि मध्ये टेकू नाही. पुस्तकांचे वजन मीटरला २५ किलोंच्या आसपास. खिडकीतून झिरपलेल्या पावसाने तिची कड फुगली होती, आणि तो भार तिने सात वर्षे वाहिला होता. मधोमध एकच टेकू दिला असता, तर अंतर निम्मे झाले असते आणि वाक सोळाव्या हिश्श्याइतका उरला असता. एका टेकूची किंमत ती काय! दुकानदाराने तो दिला नाही हे खरे. पण सात वर्षे ती फळी लवत असताना आम्हीही रोज तिच्यासमोरून जात होतो, हेही तितकेच खरे.

म्हणून वाचकहो, येत्या आठवड्यात एक काम करावे. घरातील प्रत्येक लांब फळीखाली डोळा लावून पाहावे. फळी लवलेली दिसली, तर पुस्तके उतरवून मध्ये टेकू द्यावा. फळी नुसती उलटी करून समाधान मानू नये. कपाटाच्या तळाची कड बोटांनी दाबून पाहावी. फुगीर वाटल्यास त्यास पाय लावून ते जमिनीपासून उचलावे. नवे सामान घेताना दिक्त आहे की सिबित, हे स्पष्ट विचारावे आणि न रंगविलेली कड दाखविण्यास सांगावे. तेथे पापुद्रे आहेत की कपचे, हे लपत नाही. आणि प्रार्थनामंदिराच्या व्यवस्थापकांस आमची विनंती, की सणांची गर्दी होण्यापूर्वी बाकांचे सांधे आणि ग्रंथांच्या फळ्या एकदा हलवून पाहाव्यात.

वाचनालयात आता नवी फळी बसली आहे, मध्ये टेकूसह. ते लहान स्टूल मुलांनी स्वतःच उचलून भिंतीपासून दूर, खिडकीशी नेऊन ठेवले आहे.